त्या घरात कोण जन्मलं?

१० फेब्रुवारी, मंगळवार. कपाट उपसून बसले आहे. पॅन कार्ड सापडलं, आधारची झेरॉक्स सापडली, पासपोर्टचे फोटो सापडत नव्हते. शेवटी जे सापडले त्यांत माझे केस काळेभोर आहेत आणि चेहऱ्यावर समजूतदारपणा आहे. दोन्ही गोष्टी आता राहिल्या नाहीत.

उद्या पारशिवनीला रजिस्ट्री ऑफिसात जायचं आहे. आमच्या बाबांनी एस.टी.त कंडक्टरकी करून बांधलेलं घर माझा भाऊ राजू विकतो आहे. नागपूरचं एक जोडपं घेणार आहे. पेंचचं जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे खोल्या काढणार म्हणे. आई-बाबा दोघंही गेले, मृत्युपत्र कोणी केलं नाही, म्हणजे वारस आम्ही दोघं. तेव्हा मी माझा हक्क सोडल्याचा कागद करून द्यायचा आणि मग राजू घर विकायला मोकळा. मसुदा त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

"ताई, दहा मिनिटाचं काम हाय. येजो, सही करजो अन् जेवूनच जाजो."

"कशावर सही?"

"काही नाही वं, फॉर्म्यालिटी हाय."

फॉर्म्यालिटी मी वाचली. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता…' राजीखुशी या शब्दापाशी माझं डोकं फिरलं. हा शब्द दिसला की रामटेके वकीलबाई टेबलावर हात आपटत असत. "अर्धी जिंदगी गेली माझी रजिस्ट्री ऑफिसात. किती बायका आल्या, किती अंगठे झाले. राजीखुशी नावाची बाई मले अजून भेटाची राहिली!"

बाई असत्या तर आत्ता फोन लावला असता. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. म्हणून कपाट तसंच उघडं टाकून हे लिहायला बसले.

बाई ठेंगण्या, अंगाने आडव्या, आणि साडीखाली पळायचे बूट. काळा कोट अंगावर क्वचित असे. तो एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी करून स्कूटरच्या हँडलला लोंबकळत असे. न्यायाधीश समोर आला की तो चढायचा, न्यायाधीश उठला की उतरायचा. कोर्टामागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. अशिलाच्या खुर्चीला पाठ नव्हती. मोडली नव्हती, बाईंनी सुताराकडून कापून घेतली होती. "टेकून बसलं का माणूस खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, बाई, तुमच्याही खुर्चीला पाठ नाही. म्हणाल्या, "म्हणूनच तं!"

चेहरे आणि नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. राहायच्या त्या चतुःसीमा. घराच्या विक्रीपत्रात चारी बाजूंना काय काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेला रस्ता, दक्षिणेला अमक्याचं घर, असं. बाई माणसं त्यावरून ओळखत. भर बाजारात एखाद्या सभ्य गृहस्थाला "काय हो उत्तरेला नाला, तब्येत कशी?" असं विचारत. आमच्या नागपूरच्या घराच्या पश्चिमेला पिठाची चक्की आहे. त्यामुळे मी मंदा कधीच नव्हते. मी चक्की.

त्यांची माझी गाठ पडली ती प्रताप नगरातलं हे घर घेताना. मी नागपूरलगतच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात डिस्पॅच बघते. माल कोणाचा, ट्रक कोणाचा, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नाव कोणाचं, हे जुळल्याशिवाय मी गाडी फाटकाबाहेर जाऊ देत नाही. घर घ्यायचं ठरलं तेव्हा माझा नवरा विलास म्हणाला, "बँकेच्या वकिलानं हरकत नाही म्हणून लिहून दिलं आहे. आता आणखी वकील कशाला?" मी म्हटलं, बँकेचा वकील बँकेचा असतो. बँकेला तिचं कर्ज वसूल होईल की नाही एवढंच बघायचं असतं, त्या घरात झोपायचं मला आहे. कोणीतरी रामटेकेबाईंचं नाव सांगितलं आणि सोबत हेही सांगितलं की बाई भांडकुदळ आहे, होणारी कामं मोडते.

मी फाइल समोर ठेवली. बाईंनी तिला हात लावला नाही.

"घर पाह्यलं?"

"पाहिलं."

"काय पाह्यलं?"

"दोन बेडरूम, हॉल, वर गच्ची. बोअरला पाणी आहे. स्लॅब गळत नाही."

"शेजारी पाह्यले?"

"शेजारी कशाला? कागद सगळे आहेत ना."

"घर कोणाच्या नावावर हाय ते मले कागद सांगन. त्या घरात कोण जन्मलं ते कागद सांगत नाही." बाईंनी स्कूटरची चावी उचलली. "चाला. तहान लागली मले."

ही त्यांची पद्धत होती. कागद वाचायच्या आधी त्या घराच्या शेजारी जायचं, दुपारचं, पुरुष घरी नसताना, आणि पाणी मागायचं. "पुरुषाले विचारलं का तो मालकाचं नाव सांगते. बाईले विचारलं का ती सांगते, कोणाचं लग्न कोणत्या मांडवात झालं अन् बाळंतपणाले कोण आली होती. मले ते पायजे." आणि पाणी मागितलं की त्या मोहल्ल्याचंही समजतं, असं त्या म्हणत. नाव विचारून पाणी आणतात, की पाणी आणून नाव विचारतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात काही फरक पडत नसे.

चक्कीवालीने पाणी आणलं, नाव विचारलं नाही, वर गूळही दिला. आम्ही घर घेणार म्हटल्यावर ती खुलली.

"घ्या ना, चांगलं घर हाय. शोभीचं लग्न याच अंगणात झालं. आमच्याच चक्कीवर बुंदीचं बेसन दळलं. काय पंगती उठल्या बाप्पा!"

"शोभी कोण?" मी विचारलं.

"लो! सुरेशभाऊची बहीण ना."

सुरेशभाऊ म्हणजे आम्हाला घर विकणारे. त्यांनी बँकेला प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं की वडिलांचा मी एकुलता एक वारस आहे. त्यांच्या आईचा, वडिलांचा, दोघांचाही मृत्यूचा दाखला फाइलीत होता. बहीण दाखल्याशिवायच मारली होती.

दुसऱ्या दिवशी सुरेशभाऊ पाठ नसलेल्या खुर्चीवर बसले. बाई नुसत्या पाहत राहिल्या. तेच बोलायला लागले.

"अहो मॅडम, तिनं कधीचंच सोडलं. तोंडी."

"तोंडी का?"

"मंग! भाऊबीजेले साडी देतो ना मी दरवर्षी."

"साडीत राहता येते काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे साडी नेसते माणूस. घरात राहते. तुमी कशाच्या बदल्यात काय देऊन राहिले ते विचारलं."

सुरेशभाऊंनी पाकिटातून कागद काढला. "हे पाहा ना, टॅक्सची पावती. माझं एकट्याचं नाव हाय."

"ते टॅक्स भरणाऱ्याचं नाव हाय. पुढच्या साली मी भरते. मंग घर माझं?"

नवीन घर घेणारी शंभरातली बहुतेक माणसं या पावतीवर विश्वास ठेवतात. मीही ठेवला असता. बाप मृत्युपत्र न करता गेला की मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, लग्न झालेलं असो की नसो, हे सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण ते दुसऱ्याच्या बहिणीबद्दल असतं.

शोभा वाडीलाच निघाली. माझ्या गोदामापासून दोन गल्ल्या मागे, भाड्याच्या खोलीत. पोती शिवायची. दिवसभर बारदान्याचा ढीग समोर आणि हातात दाभण. बाई आणि मी गेलो तेव्हा तिने शिवणं थांबवलं नाही. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. घर विकतंय, तुझा अर्धा वाटा आहे, भाऊ म्हणतो तू सोडलास.

"सोडलं ना मी," शोभा म्हणाली. "कुठं सही करू?"

"काहून सोडलं?"

"असं कसं इचारता बाई? सही नाही केली तं माहेर तुटते."

बाई ओरडल्या. खोलीबाहेर ट्रक धुणारा माणूस आत डोकावला इतक्या मोठ्याने ओरडल्या.

"अवं, माहेर विकून राहिला तो! भिंती, अंगण, सगळं या चक्कीले विकून राहिला! मंग तुटाले काय राह्यलं?"

माझ्याकडे बोट होतं. मी खाली पाहिलं नाही. मी घर विकत घ्यायला निघाले होते, चोरायला नाही.

शोभाची दाभण थांबली. "मंग दिवाळीले मी कुठं जाऊ?"

"तो फ्लॅट घेऊन राहिला. तिथं तुयी खोली काढली हाय का? विचार त्याले."

तिने पोतं पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "तुमी जा बाई. मले काम हाय."

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजून राग येतो. सुरेशभाऊ म्हणाले, हक्कसोड लिहा, शोभा सही करेल. बाई म्हणाल्या, मी लिहिणार नाही. "मी लिहीन तं विक्रीपत्र. दोघं भाऊ-बहीण लिहून देणार, ही चक्की लिहून घेणार. दोघाइले आपापला चेक. सोडवून घ्याचं असन तं गल्लीत वकील बहुत हायेत." विलास वैतागला. माझे सासरे फोनवर म्हणाले, त्या बाईनं भावा-बहिणीत भांडण लावलं. शेजारी म्हणाले, नातेवाईक म्हणाले, बँकेतला पोरगाही म्हणाला. सगळ्यांचं एकमत. ज्याने जिवंत बहिणीला कागदावर मारलं तो शांत स्वभावाचा, आणि जिने तिला शोधून काढलं ती भांडकुदळ! भांडण कोणी लावलं हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही, कारण भांडण म्हणजे त्यांच्या लेखी आवाज. आवाज न करता जे होतं त्याला आपल्याकडे घरातली गोडी म्हणतात.

मी त्या सगळ्यांना एकच सांगितलं. ज्या ट्रकच्या बिल्टीवर खोटं नाव आहे तो मी सोडत नाही. घरही सोडणार नाही, घेणारही नाही. थांबा.

एका दुपारी मी काही झेरॉक्स द्यायला बाईंच्या खोलीवर गेले होते. शोभा आली. चप्पल दाराबाहेर काढली, पाठ नसलेल्या खुर्चीच्या कडेला टेकली.

"बाई, इचारलं मी त्याले. खोलीचं."

"मंग?"

"हासला."

बाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. शोभाने तो एका दमात संपवला. "ते लिहून देणारमंदी माह्यं नाव टाका."

रजिस्ट्रीच्या दिवशी बाईंनी अख्खा दस्त शोभाला मोठ्याने वाचून दाखवला. दस्तातलं मराठी बाईंचंच होतं, 'सदरहू मिळकत', 'निरंतर उपभोग', असलं कडक इस्त्रीचं. वाचताना त्या ओळीओळीला त्याचं नागपुरी करत होत्या. मागून कारकून म्हणाला, "मॅडम, लाइन आहे, आटपा."

"राहू द्या लाइन. हिच्या बापाचं घर चाललं, तुमची लाइन कुठं पळून नाही चालली."

शोभाने सही केली. लिहून देणार क्रमांक दोन. अंगठा नाही, सही, एक एक अक्षर सुटं काढून. सुरेशभाऊ त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नाहीत. ती वर्षातून एकदा आमच्याकडे येते, गच्चीवर जाते, थोड्या वेळाने उतरते, चहा पिते आणि जाते. वर काय करते ते मी विचारलेलं नाही. मी तिचं माहेरपण वगैरे करत नाही. चहा करते.

पुढे आमच्या गोदामातलं कोणीही जागा घ्यायला निघालं की मी त्याला बाईंकडे धाडायची. दिलीपभाऊ हा आमच्या हमालांचा मुकादम. याने आधी प्लॉट घेतला आणि मग मला सांगितलं. मालकाचं मुखत्यारपत्र कोणाकडे तरी होतं, त्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, नोटरीचा शिक्का मारला, काम झालं. मी त्याला घेऊन गेले.

"नोटरी झाली ना मॅडम, मंग पक्कं ना?"

"नोटरीनं काय पाह्यलं? तुमी सही केली एवढं पाह्यलं. प्लॉट पाह्यला का त्यानं? भैताड हो तुमी दिलीपभाऊ. रजिस्ट्री झाल्याबिगर जमीन इकडची तिकडे होत नाही. अन् मुखत्यारपत्र देणारा जिता हाय का मेला, ते तरी पाह्यलं का? मेला असन तं मुखत्यारी त्याच्यासंगंच गेली."

मेला होता. बाई नेहमीप्रमाणे प्लॉटच्या शेजारी पाणी मागून आल्या आणि त्याच प्लॉटचे आणखी दोन मालक शोधून आल्या. तिघांकडे नोटरीचे कागद. बाईंनी तिघांना एकाच वेळी खोलीत बोलावलं, चहा सांगितला आणि ओळख करून दिली. "हे दिलीपभाऊ, हे पांडेजी, हे गुरुजी. तुमी एकमेकाइचे शेजारी नाही. तुमी एकमेकाइच्या अंगावर राहता." गुरुजींना हसू फुटलं. दिलीपभाऊ मात्र रडायला लागला. तेव्हा बाईंनी चहाचा कप असा आपटला की कान तुटला. "रडू नका! मले रडणाऱ्या माणसाचा राग नाही येत, तुमाले रडवणाऱ्याचा येते, पण तो इथं नाही, म्हणून मी तुमच्यावरच वरडन. तवा गप बसा अन् त्याचा पत्ता सांगा." त्या माणसामागे त्या किती फिरल्या याला हिशेब नाही. तिघांपैकी दोघांना काही ना काही परत मिळालं. दिलीपभाऊला नाही.

बाई नेहमी बरोबर असत असं नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं त्रिमूर्ती नगरातलं घर त्यांनी वाट बघायला लावून घालवलं. तिथेही कुठल्याशा शेजारणीने एका मुलीचं नाव घेतलं होतं. बाईंना वाटलं, लपवलेली बहीण. ती निघाली शिकायला येऊन राहिलेली भाची. तोवर मालकाने दुसऱ्याला घर विकलं. मी भांडले. बाई म्हणाल्या, "भाची निघाली, चांगलं झालं." बस. त्या मुलीची माफी मागितली नाही, चेहरा पाडला नाही. याचा मला आजही राग आहे आणि तो मी ठेवणार आहे.

लोक त्यांच्याबद्दल एक गोष्ट कुजबुजत असत. बाईंनी स्वतःच्या सख्ख्या भावावर वाटणीचा दावा लावला होता. "भावाले कोर्टात नेणारी बाई, तुमाले काय सल्ला देईन?" असं मला एका वकिलानेच सांगितलं. मी बाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "लावला होता. जिंकला. रविवारी ये, दाखवते."

वडिलांच्या घराचे मधोमध दोन भाग केले होते. पुढच्या ओसरीत आडवी भिंत, वर छतापर्यंत. ओसरीतली बंगई, म्हणजे झोपाळा, वडिलांच्या हातचा, सागवानी, पितळी कड्यांचा, तो भावाच्या भागात गेला. बाईंच्या भागात नळ आला.

"बंगईसाठी भांडल्या नाहीत?"

"नळ बरा. बंगईवर बसून तहान भागत नाही."

भिंतीच्या तळाशी एक भोक होतं. उन्हाळ्यात पलीकडून त्या भोकातून एक हिरवा पाइप यायचा. पाइप कोण सरकवतं ते दिसायचं नाही. बाई तो नळाला लावायच्या. बोलणं नाही, हाक नाही. वाटणी झाल्यापासून भिंतीपलीकडचं कोणी त्यांच्याशी बोललेलं नव्हतं, पाणी मात्र जात होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात. पायाचं हाड मोडलं होतं म्हणून भेटायला गेले. बाई ओसरीत नळाशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. अर्थात स्टूल, खुर्ची नाही. पाय पुढे लांब केलेला, पायात एकच पळायचा बूट. हिरवा पाइप नळाला लागलेला होता आणि पलीकडे भांडी भरल्याचा आवाज येत होता. मधूनच बंगईची कडी करकरत होती.

"काय वं चक्की, पश्चिमेले दळण चालू हाय ना?"

"चालू आहे." मी इकडचं तिकडचं बोलायला गेले नव्हते. राजू घराला गिऱ्हाईक बघतो आहे हे तेव्हाच कानावर आलं होतं. मी विचारलं, "बाई, एक सांगा. वाटा घेतलात, भाऊ गेला. परवडलं का?"

त्या चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत, म्हणजे आवाज चढला नाही. "भाऊ बोलत नाही हे खरं. मी कधी कधी आठवून पाहते, आधी बोलत होता तवा काय बोलत होता. 'चहा टाक.' 'सही कर.' आणखी काही आठवत नाही वं. किती आठवलं तरी तेवढंच."

मग त्या भिंतीला धरून उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. भिंतीवर थाप मारून ओरडल्या, "झालं का भरून?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. बंगईही थांबली.

"'हो' म्हणासाठी तोंड नाही उघडत भैताडाइचं," असं म्हणत बाईंनी नळ बंद केला आणि पाइप सोडवला. तो ओल्या फरशीवरून हळूहळू मागे सरकत गेला, भोकात शिरला आणि दिसेनासा झाला. बाई एका बुटावर उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या.

विलासने आत्ताच विचारलं, काय लिहिते आहेस, जेवायचं नाही का. मी म्हटलं, फॉर्म्यालिटी. फोटो लिफाफ्यात घातले आहेत. कपाट बंद करायचं आहे.

११ फेब्रुवारी. सकाळच्या एस.टी.ने पारशिवनीला उतरले. रजिस्ट्री ऑफिस स्टँडजवळच आहे, मी तिकडे गेले नाही. आधी आमच्या घराशेजारी कुसुमकाकूंच्या दारात गेले आणि पाणी मागितलं. काकूंना आता नीट दिसत नाही.

"कोण वं तू?"

"मंदा. कंडक्टरची."

"बाप्पा! कवा आली? राजू तं सांगून राहिला होता, तुनं कधीचंच सारं सोडून देल्लं म्हणून."

"कधी सांगितलं?"

"मागच्या साली. घर घेणारे आले होते पाहाले, तवा. मी म्हटलं, पोट्टी बोलली तं नाही मले काही."

मागच्या साली. मसुदा मला परवा आला. मी पाणी संपवलं, काकूंच्या पाया पडले आणि ऑफिसात गेले.

राजू फाटकातच उभा होता. "ये ताई, तुयीच वाट पाहून राहिलो. इथं अन् इथं कर."

"हे नाही करत. विक्रीपत्रात माझं नाव टाक. लिहून देणार क्रमांक दोन. लगेच सही करते, घर विकायला माझी ना नाही."

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुले पैसे पायजे होते तं सांगाचं ना. मी का नाही म्हटलं असतं?"

"आणि तू मला आधी विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? ते आता तुला कधीच कळणार नाही राजू. मलाही नाही."

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला, म्हणाला, सगळं नव्याने टाइप करावं लागेल, दुपार होईल. मी म्हटलं, सुट्टी टाकून आले आहे. राजू फोन कानाला लावून फाटकाबाहेर गेला. घर घेणाऱ्या जोडप्यातली मुलगी माझ्याजवळ आली. फाइल छातीशी धरलेली, चेहरा घाबरलेला.

"मावशी, काही प्रॉब्लेम आहे का? तुम्ही कोण? आम्हाला तर ते म्हणाले होते, ते एकटेच आहेत."

"मी त्या घरात जन्मले," मी म्हटलं.

मग तिने नवऱ्याला हाक मारली आणि फाइल उघडली. मी भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले. बाकाला टेकायला पाठ नव्हती. नवा दस्त टाइप होईपर्यंत तशीच ताठ बसून राहिले.